मिलिंदचं कॅलेंडर, आमची कामं

मिलिंद गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. त्या बातमीच्या वरचा निरोप असा होता की संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर कुणाचा तरी स्टीलचा डबा हॉलमध्ये राहिला आहे, फोटो जोडला आहे. मग ‘अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की...’ आणि त्याखाली लगेच एका बाईंचा निरोप, डबा माझा आहे, शनिवारी घेऊन जाईन. त्यानंतर मात्र हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी ऑफिसच्या बसमध्ये होते, बाहेर रेडमंडचा तोच तो पाऊस. अनघाने, म्हणजे मिलिंदच्या बायकोने, हॉस्पिटलमधून एकाच माणसाला कळवलं होतं. बाकीच्यांना ती एकेक करून फोन करणार होती, पण त्या माणसाला तेवढाही दम निघाला नाही. तिचा फोन मला आला तेव्हा माझं रडून झालं होतं, आणि मला आधीच कळलंय हे तिला सांगावं लागलं.

आता काही आठवडे झाले. मंडळाच्या अंकाच्या या पुरवणीसाठी त्याच्या चार छान आठवणी लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. छान आठवणी आहेत माझ्याकडे, पुष्कळ आहेत. पण त्यांच्यापुढे राग ठाण मांडून बसलाय, आणि तो ओलांडून मला त्यांच्यापर्यंत जाता येत नाही. तेव्हा ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

पुण्यात इंजिनियरिंगला आम्ही एका वर्गात होतो. तेव्हाचा मिलिंद म्हणजे विसरभोळेपणाचा कळस. सायकलवर कॉलेजला यायचा आणि गप्पा मारत चालत घरी जायचा. दुसऱ्या दिवशी सायकल चोरीला गेली म्हणून सगळ्यांना कामाला लावायचा. एकदा तोंडी परीक्षेच्या दिवशी हा कॅन्टीनमध्ये निवांत मिसळ खात बसलेला सापडला होता. आम्ही हसायचो, पण त्याला स्वतःला त्याची फार लाज वाटायची. आपल्या डोक्याचा भरवसा नाही, हे त्याने फार लवकर मनाशी धरलं. पुढे अमेरिकेत आला, रेडमंडला नोकरी लागली, आणि नशीब बघा, त्याला काम काय मिळालं तर लोकांच्या कॉम्प्युटरवरची मेल आणि कॅलेंडरं त्यांच्या फोनवर जशीच्या तशी ठेवण्याचं. त्याच्या आईने एकदा विचारलं, तू तिथे नेमकं करतोस काय? तर म्हणाला, आई, कॉम्प्युटरवर लिहिलं की फोनवर दिसतं, आणि फोनवर खोडलं की कॉम्प्युटरवरूनही जातं. त्या म्हणाल्या, एवढ्यासाठी तिकडे जावं लागतं? हा किस्सा तो स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगायचा. मी त्याच गावात दुसऱ्या कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. त्यामुळे मला ठाऊक आहे की हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असल्या तर खरी कोणती मानायची, यावर त्याने आयुष्याची वीस वर्षं घालवली.

त्याच्या टीमची एक रीत होती. आपण बनवलेलं आपण आधी वापरायचं, तेही अर्धवट शिजलेलं असताना. बाजारात यायच्या आधीची आवृत्ती हे लोक स्वतःच्या फोनवर घालत आणि त्यावर स्वतःचं आयुष्य चालवून बघत. मिलिंदने ही रीत धर्मासारखी पाळली. ईराची, म्हणजे त्याच्या मुलीची, पोहण्याची स्पर्धा, पालकसभा, आईला फोन करायचा दिवस, दातांचा डॉक्टर, गाडीचं तेल, सगळं ऑफिसच्या कॅलेंडरवर. कारण खऱ्या आयुष्याइतकं किचकट टेस्टिंग दुसरं कुठलं नाही, असं तो म्हणायचा, आणि एक टेस्टर म्हणून मला ते तेव्हा पटायचंसुद्धा. एकदा लिहिलं की तो ती गोष्ट डोक्यातून काढून टाकायचा. विसरायचं म्हणूनच तर लिहायचं, असं त्याचं म्हणणं. अनघाने स्वयंपाकघरात पंचांगाचं कॅलेंडर लावलं होतं, त्याच्याकडे तो फक्त चतुर्थी कधी आहे हे तिला विचारायला लागू नये म्हणून बघायचा.

आणि आम्ही मंडळी. मंडळाच्या कार्यक्रमाची साउंड सिस्टिम, कुणाच्या सासू-सासऱ्यांना विमानतळावरून आणणं, नव्या आलेल्या पोरांना अपार्टमेंट दाखवणं, कुणाच्या बायकोला गाडी शिकवणं... ‘मिलिंदला इन्व्हाइट टाकून ठेव’ हे आमच्याकडे वाक्यच झालं होतं. कॅलेंडरवर निमंत्रण पाठवायचं, की तो पुरतं न वाचता ‘हो’ दाबायचा. नाही म्हणायचं बटणही त्यानेच बनवलं होतं म्हणे, पण ते त्याने स्वतः कधी वापरलेलं मी पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पानगळीत अनघा वडिलांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली होती, तेव्हा मिलिंदच्या पोटात दुखायला लागलं. तो एकटाच टॅक्सी करून इमर्जन्सीत गेला. मुतखडा निघाला. पण स्कॅनमध्ये स्वादुपिंडावर एक बारीकसा डाग दिसला. डॉक्टर म्हणाल्या, बहुधा काही नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून बघू. त्याने तिथेच खाटेवर बसून फोन काढला, तारीख टाकली, एक आठवडा आधी आठवण येईल असं लावलं, आणि विषय डोक्यातून काढून टाकला. अनघाला मुतखड्याचं सांगितलं, डागाचं नाही. ती तिकडे वडिलांच्या उशाशी बसलेली, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला. हे सगळं मला फार नंतर कळलं, त्याच्याच तोंडून.

त्या हिवाळ्यात कंपनीने माणसं कमी केली. मिलिंदला सकाळी उठल्यावर कळलं, तेसुद्धा कुणी सांगितलं नाही. लॅपटॉप उघडेना. फोन बघितला तर मेल नाहीत, कॅलेंडर कोरं. नोकरी गेलेल्या माणसाच्या फोनवरून कंपनीचं सगळं दुरूनच पुसून टाकायचं, ही तिथली पद्धत आहे आणि ती कायदेशीर आहे, असं मला पुष्कळांनी समजावलं आहे. मी त्या दुपारी त्याच्याकडे गेले, तर ही स्वारी सोफ्यावर बसून फोनकडे कौतुकाने बघतेय.

“शुभा, एकदम क्लीन गेलंय बघ,” तो म्हणाला. “एक आयटम मागे राहिला नाही. डिलीटचा तो पार्ट माझाच आहे.”

मला हसावं की त्याच्या हातातला फोन भिंतीवर आपटावा ते कळेना.

मग त्याने एक गोष्ट केली, जी त्याच्यासारखा माणूसच करू जाणे. नवीन खातं उघडलं आणि आम्हा सगळ्यांना एक निरोप पाठवला. माझं कॅलेंडर गेलंय, मी तुम्हाला काय काय कबूल केलं होतं ते कृपया पुन्हा पाठवा. नोकरी गेलेल्या माणसाचा हा निरोप! कुणीतरी उलट विचारायला हवं होतं की बाबा, तुझं काय, तू कसा आहेस. काहींनी विचारलंही. पण विचारलं असो की नसो, निमंत्रणं मात्र सगळ्यांनी पाठवली. संध्याकाळपर्यंत साउंड सिस्टिम, विमानतळ, अपार्टमेंटं, सगळं जागच्या जागी येऊन बसलं. ईराच्या शाळेने तारखा पाठवल्या, दातांच्या डॉक्टरांकडून आलं, गाडीवाल्याकडूनही आलं. मिलिंद खूश. जवळजवळ सगळं परत आलं, म्हणाला. काय आलं नाही, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. त्याने ते लिहून डोक्यातून काढून टाकलेलं होतं.

हॉस्पिटलने गप्प राहून अन्याय केला असंही म्हणता येत नाही. त्यांनी मेल पाठवल्या, पण त्यांच्याकडे पत्ता ऑफिसचा होता. त्यांनी फोन केले असतील, तर या देशात अनोळखी नंबर उचलतो कोण? मिलिंद नव्या नोकरीसाठी मुलाखती देत हिंडत होता, आणि मधल्या वेळात आमची कामं करत होता. तारीख आली आणि निघून गेली. त्या दिवशी तो कदाचित कुणाच्या तरी सासऱ्यांच्या बॅगा उचलत असेल.

पुढच्या पानगळीत त्याचं वजन उतरायला लागलं. नोकरीचं टेन्शन, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा अनघाने डॉक्टरांकडे ओढत नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. सगळं कळून चुकल्यावर एका तपासणीला मी त्याला गाडीतून घेऊन गेले होते, कारण अनघाला आणखी रजा मिळत नव्हती. परत येताना पाऊस होता. वायपर चालू होते. मग त्याने मला मुतखड्यापासून सगळं सांगितलं.

“डॉक्टरांनी विचारलं, स्प्रिंगमध्ये स्कॅनला का आला नाहीत?” तो म्हणाला. “मी म्हटलं, मला माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं मी खोटं बोलतोय.”

“मग?”

“खरंच माहीत नव्हतं गं. तुम्हा सगळ्यांची कामं परत आली, कारण त्याची कॉपी तुमच्याकडे होती. माझ्या स्कॅनची कॉपी कुणाकडेच नव्हती.” मग तो म्हणाला, “नवीन पोरांना मी हेच शिकवायचो, यार. जे एकाच ठिकाणी आहे ते नाहीच असं समजा.”

तेव्हा पाहिलं असतं तर तो वाचला असता का? डॉक्टरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेव्हा कदाचित ऑपरेशन करता आलं असतं, एवढंच म्हणाल्या. या ‘कदाचित’वर अनघा आता उरलेलं आयुष्य काढणार आहे.

मला त्याचा राग येतो. इतक्या महिन्यांत बायकोला एक वाक्य सांगता आलं नाही या माणसाला? ज्याने एक गोष्ट दोन ठिकाणी ठेवण्यात उमर घालवली, त्याने स्वतःचा जीव एकाच ठिकाणी ठेवला, आणि तेही मालकाच्या कपाटात. कंपनीचा राग येतो, हे तर सांगायलाच नको. मंडळाने शोकसभा ठेवली होती, तिथे त्याचा जुना मॅनेजर आला होता. भला माणूस असेल. मिलिंदचं काम आज लाखो लोकांच्या खिशात आहे, असं तो डोळे पुसत म्हणाला. त्या लाखो लोकांना आपापल्या डॉक्टरांच्या तारखा वेळेवर आठवत असतील, हे माझ्या मनात आलं, पण ईरा शेजारी बसली होती म्हणून मी गप्प राहिले. सभेनंतर चहा आणि बटाटेवडे होते. तिथे एका गृहस्थांनी मला गाठलं आणि म्हणाले, म्हणूनच मी सगळ्यांना सांगत असतो, पर्सनल गोष्टी पर्सनल अकाउंटवर ठेवाव्यात. मिलिंदने या माणसाची दोन घरं बदलताना सोफे उचलले होते. मी त्यांना म्हटलं, काका, वडा गार होतोय. याहून वाईट बोलायची माझी तयारी होती, पण अनघा आमच्याकडेच बघत होती.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेले. मिलिंदचा फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला लावलेला असतो. बंद करायला तिचा हात होत नाही. मी चहा टाकत असताना तो वाजला. गुढीपाडवा, साउंड चेक. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. कुणाचे तरी आईवडील येणार, विमानाचा नंबर वगैरे. अनघा म्हणाली, दिवसभर हे असंच चालू असतं. माणूस गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे, सभेला सगळे आले, रडले, पण आपल्या निमंत्रणातून त्याचं नाव काढायचं कुणाला सुचलं नाही. हे घालवायचं कसं, तिने मला विचारलं.

मी तिला दाखवलं. एकेक काम उघडायचं आणि ‘नाही’ दाबायचं. मग फोन विचारतो, पाठवणाऱ्याला कळवायचं का? मी म्हटलं, कळवू नको, लोकांना मेलेल्या माणसाचं उत्तर गेलं तर दचकतील.

सोफ्यावरून ईरा म्हणाली, “No, Mom. Tell them.”

अनघा खुर्ची ओढून टेबलाशी बसली. चष्मा लावला. आणि एकेक करून तिने सुरुवात केली. साउंड सिस्टिम, नाही, कळवा. विमानतळ, नाही, कळवा. वार्षिक सभेच्या खुर्च्या, नाही, कळवा. मी चहा गाळून तिच्यापुढे ठेवला, तिने बघितलाही नाही. ज्याने आयुष्यात कुणाला नकार दिला नाही त्याचे नकार त्या दुपारी साऱ्या गावात पोचत होते, फोनवर आणि कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे सारखेच. मला वाटलं, आता कुणाचा तरी फोन येईल, कुणीतरी हुंदका देईल, निदान माफी मागेल...

आलं ते एक उत्तर. अनघाने वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. कुणीतरी नकार बघितला होता, वरचं नाव बघितलं नव्हतं. ‘नो प्रॉब्लेम,’ त्यात लिहिलं होतं, ‘मग पुढच्या शनिवारी जमेल का?’ खाली नवीन निमंत्रण जोडलेलं होतं.

अनघाने फोन परत घेतला, नवीन निमंत्रण उघडलं, आणि पुन्हा ‘नाही’ दाबलं.