पांढरे गोळे, पेढ्यांचं खोकं आणि कोंडाबाईची शेळी

जंगलखात्यात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. आमचे मात्र जेवताना सांगता येत नाहीत! साठ सालाच्या आसपास मुळशीच्या रानात मी आणि पौडचा हुसेन, दोघं गार्ड होतो. जनावर क्वचितच दिसे. दिसे ती त्याची विष्ठा, आणि तीच बघून रानात कोण नांदतंय ते आमचे रेंजर साहेब ठरवत.

पहिल्याच आठवड्यात वाटेवर खडूसारखे पांढरे गोळे दिसले. करणी समजून आम्ही साहेबांना बोलावलं. त्यांनी काडीनं एक गोळा फोडला. "तरस आहे. हाडं खातं, म्हणून पांढरं."

"म्हंजी करणी न्हाई?" हुसेन म्हणाला. "मग माजा उतरून टाकलेला नारळ फुकटच गेला की!"

एकदा एका विष्ठेची ओळख पटेना, म्हणून साहेबांनी नमुना पेढ्यांच्या खोक्यात घालून पुण्याला बसनं पाठवला. तिकडून निरोप आला, "खोकं रिकामं मिळालं." त्यावर आम्ही अजून बोलत नाही!

आम्ही लावलेली रोपं उन्हाळ्यात जळाली. पण उदमांजर रोज जिथं हगायचं, तिथं पावसात जांभळाची रोपं तरारली. पुण्याचे मोठे साहेब बघून खूश! "कुणी लावली?"

"उदमांजरानं, साहेब. हगून," हुसेन म्हणाला.

मोठ्या साहेबांनी हुसेनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग रेंजर साहेबांना हळूच म्हणाले, "हा रजा घेत नाही का?"

आणि ती गावातल्या कोंडाबाईची शेळी. ती नाहीशी झाली न् गाव पेटलं. बिबट्यानंच नेली, त्याला मारायचाच! पिरंगुटहून बंदूकवालाही आला. साहेबांनी बिबट्याची विष्ठा आणून सगळ्यांसमोर धुतली. रानडुकराचे राठ केस निघाले, वानराचे निघाले.

"शेळीचा एक केस नाही. रानात पोटभर मिळतंय, तो गावात कशाला येईल?"

बंदूकवाला ऐकेना. तेवढ्यात शेळीच बें बें करत चढणीवरून आली! तो बंदूक खांद्यावर टाकून निघून गेला. साहेब पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी बिबट्याची ताजी विष्ठा दिसली. हुसेननं सवयीनं काडी घातली. आत लाल दोरा, आणि पितळी घुंगरू.

धुऊन कोंडाबाईकडे नेलं. तिनं शेळीचा गळा चाचपला. मोकळा होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"हिचंच हाय," ती म्हणाली. "मग ही हितं कशी?"

साहेबांनी घुंगरू हलवून बघितलं. वाजलं.

शेळीनं मान वर केली.