दोन वेण्यांपुरत्या गोष्टी

बहीण गेली आणि तिची आठ वर्षांची मुलगी माझ्या भोईवाड्यातल्या खोलीत राहायला आली, तेव्हा ती मला ओळखतही नव्हती. ओळखणार कशी? बहिणीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, नवरा वर्षभरात सोडून गेला, तरी मी माझा ताठा सोडला नाही. नऊ वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

पोर मला जवळ फिरकू देईना. फक्त सकाळी, शाळेसाठी दोन वेण्या घालताना, तिला माझ्यापुढे बसावंच लागे. मग मी तिच्या मम्मीच्या गोष्टी काढल्या. वरळी कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांमधून पळताना तिच्या मम्मीची एक चप्पल चिखलात गेली, मी माझी एक तिला दिली आणि दोघी आळीपाळीने लंगडत परळपर्यंत आलो, ही तिची सगळ्यात आवडती. "परत सांग ना," म्हणायची आणि डोकं हळूच माझ्या गुडघ्याला टेकवायची. त्यासाठी मी मुद्दाम सावकाश वेण्या घालायचे.

पण आमचं लहानपण ते केवढं! त्याच्या गोष्टी महिन्याभरात आटपल्या. तिला आता स्वतःच्या जन्माची गोष्ट हवी होती. गप्प बसावं की नाही मी? म्हटलं, "मी होते ना तिथे. मम्मीने माझा हात घट्ट धरलेला. तुला पहिल्यांदा माझ्याच साडीत गुंडाळलं."

रिबिनी बांधून झाल्यावर ती म्हणाली, "मम्मी बोलायची, तेव्हा कोणीच नव्हतं आलं. तिने तुला फोन केलेला. तू उचलला नाहीस."

फोन आला होता. तो वाजायचा थांबेपर्यंत मी बघत बसले होते.

"मग ती चपलेची पण खोटीच ना?"

"नाही गं, ती खरी आहे. देवाशप्पथ."

पण माझ्या शपथेवर तिने का विश्वास ठेवावा? ती चप्पल पाहिलेलं दुसरं माणूस आता नाही.

रविवारी ती म्हणाली, "मावशी, माझे केस कापून आणूया. बॉबकट." रागाने नाही, शेजारणीशी बोलावं तशी बोलली. मी नेलं.

आता सकाळी ती आरशासमोर उभी राहून स्वतःच भांग पाडते. दोन मिनिटंही लागत नाहीत.