मानीबाईनं चहा सोडला

राजूरच्या आमच्या चाळीत मानीबाईएवढी चहाबाज बाई दुसरी नाही. वणीच्या एका दवाखान्यात ती आयाचं काम करते. नवरा लखीराम कोळशाच्या ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. दोन लेकरं, धुणीभांडी, पाणी भरणं, सगळं हिच्याच अंगावर. तो गाडा ती चहावर ओढते. आणि यंदा उपवासकाळात या शहाण्या बाईनं नेमका चहाच सोडला!

ईस्टरआधीचे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती माणसं आवडीची एखादी गोष्ट सोडतो. लेकरांना नुसतं सांगून कळत नाही, डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. म्हणून घरच्या प्रार्थनेत दोघांसमोर हात जोडून तिनं देवाला शब्द दिला. थोरल्या लेकीनं, खुशीनं, चॉकलेट सोडलं. पाच वर्षांच्या नयननं दोडका सोडला. तो तसाही दोडक्याला शिवत नव्हता.

आठवडा झाला नाही तोच भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. डोकं ठणकतंय, ड्युटीवर उभं राहून पाय भरून आलेत, वाळत घातलेल्या कपड्यांवर पुन्हा कोळशाची धूळ बसलीय, आणि राग निघतोय लेकरांवर. रोज कुणाच्या ना कुणाच्या पाठीत धपाटा. मला काही ऐकवेना.

"घोटभर पी गं बाई," मी म्हटलं. "देव काही कप मोजत बसत नाही."

"लेकरायसमोर बोलली न ताई," ती भिंतीला टेकत म्हणाली. "आता मीच मोडलं त ते काय शिकतीन?"

मग आमच्या चर्चच्या मंडळीच्या घरप्रार्थनेची पाळी तिच्याकडे आली. प्रार्थना झाल्यावर पाळकसाहेबांनी नयनला जवळ घेतलं. "सांग बरं बाळा, उपवासकाळ म्हणजे काय?"

"मम्मी चहा नाही पेत," नयन म्हणाला. "अन् आमाले मारते." जरा थांबून त्यानं विचारलं, "कधी संपते ते?"

सगळे हसले. मानीबाई उठून आत गेली. तिनं सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि एक कप स्वतःसाठीही ओतला. खुशी घाबरलीच.

"मम्मी, देव रागवन न!"

"रागवू दे. येशू चाळीस दिवस उपाशी राह्यला, पन त्यानं कोनावर राग नाही काढला. मले नाही जमलं." चहा पिताना तिचे डोळे भरून आले होते. "आजपासून चहाच्या जागी मारनं सोडलं. वरडनंबी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला गेले, तर नयनच्या हातून डाळीची वाटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर उलटली होती. रात्रीच धुतलेला शर्ट, आणि हिची ड्युटीला जायची वेळ. मानीबाईनं ओठ घट्ट मिटले. हात पदरात गुंडाळून ती दारापर्यंत आली, उंबऱ्याशी थोडी थांबली आणि वळली.

नयन तिथंच उभा होता. डोळे मिटलेले, मान खांद्यात ओढलेली, पाठ तिच्याकडे करून. धपाट्याची वाट बघत होता.

मानीबाई मटकन खाली बसली. एवढं पक्कं शिकवलं होतं तिनं.

"ये बाबू," ती म्हणाली. "नाही मारत."

तो लगेच आला नाही.