खानापूरच्या पुढे, पाण्याकाठी: आमच्या ब्लूग्रास अल्बमचे दोन दिवस

डॉक्टरांनी कागदावर दादाच्या गळ्याचं चित्र काढून दाखवलं. थायरॉइडची गाठ, आणि तिला चिकटलेली आवाजाची नस. "गाठ काढावीच लागेल. बोलता येईल. गाण्याचं मात्र मी काही सांगू शकत नाही," ते म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दादाने एवढंच विचारलं, "या आठवड्यात तुला रजा मिळेल का गं?" मी तिथूनच खराडीच्या ऑफिसात फोन केला. ही सहल अशी ठरली.

आम्ही दोघं भावंडं ब्लूग्रास गातो. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न "म्हणजे काय?" हाच असतो, म्हणून आधीच सांगते. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं हे तारवाद्यांचं संगीत. ढोल-तबला काही नाही. बँजो, गिटार घेऊन एकाच माइकसमोर उभं राहायचं आणि गायचं. मी मूळ चाल गाते, दादा तिच्या वरचा सूर धरतो. शब्द आमचे, मराठी. हे खूळ घरात आणलं बाबांनी. वरातीत वाजतो तो बटणांचा बँजो त्यांना हवा होता. जुन्या बाजारातून चुकून आणला तो हा, कातडं ताणलेला, लांब दांड्याचा. बाबांनी वैतागून तो खुंटीला टांगला आणि दादाने तो खाली काढला. अल्बम करायचा हे मात्र आम्ही दरवर्षी "यंदा नक्की" म्हणत पुढे ढकललं होतं. आता तो शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवा होता.

मंगळवारी सकाळी माझ्या गाडीतून वारज्याहून निघालो. शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे करत खडकवासल्याला आलो. जाणार असाल तर रविवार टाळा. धरणाच्या चौपाटीवर कणसं आणि भजी खाणाऱ्यांच्या गाड्यांतून वाट काढण्यातच सकाळ जाते. आम्हाला रस्ता मोकळा मिळाला. हिवाळ्याचं ऊन होतं, डावीकडे सिंहगड, उजवीकडे पाणी. दादाने काच खाली केली आणि लगेच वर घेतली. गळ्याला मफलर होता. एरवी गाडीत तो गप्प बसत नाही. आज मीच बोलत होते.

डोणजे फाट्यावरून सरळ, खानापूर मागे टाकलं की उजवीकडे पाण्याकडे उतरणारा कच्चा रस्ता आहे. गाडी सावकाश घ्या, दगड वर आले आहेत. खाली एका शेतकरी कुटुंबाने घराशेजारी दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्यात. राहणं साधं, चुलीवरचं जेवण, आणि दर शहरातल्या हॉटेलपेक्षा पुष्कळ कमी. मालकीणबाईंना सगळे सुमनमावशी म्हणतात. बँजोची पेटी उतरवताना त्या पुढे आल्या.

"बँजो पार्टी हाय का? मागं किती माणसं येत्यात?"

"पार्टी गळाली, मावशी," दादा म्हणाला. "बँजो तेवढा राहिलाय."

आवाज घुमू नये म्हणून त्यांच्या गाद्या मागून घेऊन आम्ही भिंतींना उभ्या केल्या आणि मधोमध माइक ठेवला. पहिलं गाणं सुरू केलं तोच विहिरीवरची मोटार घरघरायला लागली. मी सांगायला बाहेर गेले, तर मावशी स्वतःच मोटारीकडे निघाल्या होत्या. "तुमचं होऊ द्या. हरभऱ्याला पाणी सांच्याला सोडू."

दुपारपर्यंत काम छान झालं. दादाचा आवाज थोडा खरखरीत होता, पण त्या गाण्यांना ती खरखर शोभत होती. मग पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. दादाने ठेचा बाजूला सारला, भाकरी दुधात कुस्करली आणि फार वेळ चावत बसला. गिळताना त्याचे डोळे मिटत होते. मी ताटाकडे बघत जेवले.

संध्याकाळी शेवटचं गाणं घ्यायचं होतं. बाबा गेल्यावर केलेलं. 'दिवा दारात ठेवा बाबा, वळणावर आम्ही आहोत' असं त्याचं धृपद आहे, आणि 'वळणावर'ला दादाचा सूर एकदम वर जातो. तिथेच आवाज चिरला. पुन्हा केलं, पुन्हा चिरला. मी गिटार खाली ठेवली.

"दादा, वरचा मी म्हणते. तू चाल गा."

"नाही."

"डॉक्टरांनी ताणू नका म्हटलंय. आवाज जप ना जरा."

"जपून काय करू? बँकेत ठेवू? व्याज मिळेल?"

"नंतर आपण..."

"नंतरचं कोणी सांगितलंय तुला?" तो ओरडायला गेला, पण ओरडण्याइतकाही आवाज निघाला नाही. तो बाहेर जाऊन पाण्याच्या कडेला उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले नाही. मला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. मावशींनी दादाला आल्याचा काढा दिला. तो कप दोन्ही हातांत धरून बसला होता. मग म्हणाला, "मुक्ता, कालचं सोड. एकदाच म्हणू. फाटला तर फाटला. पण त्या जागी मीच असू दे."

मी मान हलवली. आम्ही माइकसमोर उभे राहिलो, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. 'वळणावर' आलं. त्याचा सूर वर गेला, टोकाशी चिरला आणि चिरलेलाच टिकला. मी खाली चाल धरून ठेवली. माझा आवाज कापत होता, तोही ध्वनिमुद्रणात आहे.

मावशी दारात उभ्या होत्या. "कुणाचं गाणं हाय?" त्यांनी विचारलं.

"आमच्या वडलांचं," दादा म्हणाला.

"ऐकू गेलं आसंल त्यांस्नी," म्हणून त्या चुलीकडे वळल्या.

परतीच्या वाटेवर चहासाठी खडकवासल्याला थांबलो. दादा मफलर सोडून उन्हात बसला.

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ निघाली, पण नस वाचली नाही. काही आठवडे तो नुसता कुजबुजायचा. मग आवाज आला, तो जाड आणि बसका. अल्बम मी एकटीने इंटरनेटवर चढवला. थोड्या लोकांनी ऐकला, त्यांतल्या काहींनी शेवटच्या गाण्याबद्दल आवर्जून लिहिलं. दादाने मात्र तो ऐकला नाही, आणि मीही आग्रह केला नाही. वहिनी म्हणाली, बँजो कपाटावर ठेवलाय.

मग एका रविवारी तो न कळवता वारज्याला आला. "लाव," म्हणाला. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं त्याने, डोळे उघडे ठेवून. 'वळणावर'ला त्याचा हात गळ्याकडे गेला.

"बरा गायचो की मी," तो म्हणाला.

"बरा म्हणजे काय!"

"वरचा सूर आता तू घे. चाल मला शिकव."

त्याच्या आवाजाला झेपेल अशी पट्टी मी गिटारवर शोधली आणि हळूच चाल गाऊन दाखवली. त्याला सूर लागेना. घसा साफ करून त्याने पुन्हा धरला. सूर जरा खालीच लागला होता. मी माझा वरचा सूर तेवढाच खाली आणला.