झिजणारा सोल

माझा धाकटा भाऊ कडे चढायचा, पण गेला तो काविळीने, इथेच सोलापुरात, अंथरुणावर. हे आधीच सांगतो, कारण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पुन्हा सांगावं लागत होतं.

त्याची बायकोही चढायची. थंडी पडू लागली तशी एका सकाळी तिने आपले चढाईचे बूट बाहेर काढले. अंगठ्याखालचं रबर झिजून आतलं कापड दिसत होतं.

"सोल बदलून घेते. पुढच्या महिन्यात गटातले सगळे कड्यावर जाणार आहेत," ती म्हणाली.

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. पण ती नको म्हणाली असती तर भावजय गेली नसती, आणि पुन्हा कधीच गेली नसती.

पुण्याहून रबराचे दोन नमुने मागवले. तळहाताएवढे काळे तुकडे, एक कडक, एक मऊ. मी त्याविषयी बरंच वाचून ठेवलं होतं. ते सांगू लागलो.

"ह्यो निस्ता वाचूनच डोंगर चढतोय," आई म्हणाली. भाऊ गेल्यानंतर तिने केलेली ही पहिली थट्टा. भावजय हसली.

आईने कडक तुकडा उचलून नख रुतवलं. रुतलं नाही. तिच्या माहेरी, वळसंगला, चपलांना जुन्या टायरचा सोल लावत. काट्याकुट्यात वर्षानुवर्षं टिकायचा.

"ह्योच लाव. लई टिकंल. मग मला घोर न्हाय."

"पायवाटेवर चालायला हा चांगला, आई. खडकावर घसरतो."

भिंतीला टेकवून ठेवलेल्या वाटणाच्या दगडी पाट्यावर भावजयीने दोन्ही तुकडे अंगठ्यांनी दाबून खाली ओढले. कडक सरकला. मऊ जागीच राहिला. मग आईने स्वतः जोर लावून ओढून पाहिला. पाट्यावर काळा ओरखडा उमटला.

"ह्ये तर झिजतंय की!"

"झिजणारच. मऊ आहे म्हणून तर खडक धरतं."

"आन् आपल्या उनात?"

"उन्हात फार मऊ पडतं. म्हणून आम्ही थंडीतच जातो," ती म्हणाली, आणि त्या 'आम्ही'पाशी जरा अडखळली.

आई तो तुकडा बोटांत वाकवत राहिली.

"किती दिस पुरंल?" तिने शेवटी विचारलं.

"नेमाने गेले तर एक थंडी."

"मग दोनदा लावायला हुईल एवढं मागव. झिजलेल्यावर चढायचं न्हाय."