खाणीतले पाणी निवळले तेव्हा

ती घटना आठवली की आजही डोळ्यांपुढे आधी पाणी येते. माणसे नंतर आठवतात.

काळ एकोणीसशे तीस ते चाळीसच्या मधला. मी नवा फौजदार होतो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील सुतारकाम करीत. गावातल्या मास्तरांनी हट्ट धरून मला नाशिकला शिकायला पाठवले नसते तर माझ्याही हाती रंधाच असता. आपल्या हातून चूक झाली तर त्या दोघांना मान खाली घालावी लागेल, ही धास्ती मला वर्दीच्या आतही असे.

माझे ठाणे विंचूरच्या बाजूला होते. त्या भागात कालवा आल्यावर काही गावे बागाईत झाली, पण सखल जमिनी चोपण झाल्या. चोपण जमीन म्हणजे पांढरट, चिकट, पाणी आत उतरू न देणारी. त्यावर महिनामहिना गढूळ पाणी साचून राहते आणि पीक धड येत नाही.

एका सकाळी अशाच एका गावचे पोलीस पाटील स्वतः ठाण्यात आले. एरवी ते जागल्याच्या हाती चिठ्ठी पाठवीत. मी लेखणी खाली ठेवली.

"साहेब, खाणीतलं पाणी निवळलंय."

"मग चांगलंच झालं की, पाटील."

"चांगलं कसलं? ते कधीच निवळत नाय. आमच्या बापजाद्यांनी... म्हंजे कालवा झाल्यापासून कुणी तिचा तळ बघितला नाय. आधी वाकून पाहिलं की आपलं तोंड दिसायचं. आता तोंड दिसत नाय साहेब, खालची भिंत दिसते."

कालव्यासाठी दगड काढलेली ती खाण गावाबाहेर होती. शेतांचे पाणी वाहून तिच्यात जमे आणि बारा महिने दुधाच्या चहासारखे गढूळ राही. बायका तिथे गोधड्या धूत. आठवडाभरात त्यांनी जाणे सोडले होते.

मी गेलो तेव्हा अर्धे गाव तिथे जमले होते, पण काठापासून दहा पावले कोणी पुढे येईना. मी एकटा वाकलो. दगडात छिन्नीने घेतलेल्या पायऱ्या एकामागून एक खाली उतरत होत्या आणि हिरव्या अंधारात संपत होत्या. मध्ये पाणी नाहीच, असा भास झाला. मी नकळत मागे सरलो.

"ही करणी हाय," मागून आवाज आला. बोलणारा गावातला मोठा बागाईतदार होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. "तो बागवान वावरात पांढरी पूड पेरतो. आज पाणी बाटवलं, उद्या माणसं मारंल. त्याला धरा, आन् ही खाण बुजवून टाका. दगडमाती मी देतो."

त्याच्या उदारपणाची नोंद मी डायरीत कौतुकाने केली.

बागवान साठीचा होता. देवळालीला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर त्याने वीस वर्षे माळीकाम केले होते. साहेब विलायतेला गेल्यावर त्याने इथे दोन एकर चोपण खंडाने कसायला घेतली होती. आम्ही गेलो तेव्हा तो वावरात बसून मातीचे ढेकूळ बोटांनी चुरत होता. पंचनामा करून मी पुडीची पोती जप्त केली आणि भर गावातून, चावडीसमोरून त्याला चालवत नेले. त्याच्या बाजूने एक माणूस बोलला नाही. मला ते पुराव्यासारखे वाटले.

ठाण्यात मी आवाज चढवला. "ही पूड कसली?"

"तुरटी हाय साहेब. विलायती."

"पाण्यावर कसली विद्या केलीस?"

"विद्या येत असती तर चोपण जमीन कशाला केली असती?"

मग त्याने सांगितले. देवळालीच्या लष्करी छावणीत पाणी गाळण्यासाठी ही पूड वापरत. साहेब ती आणून एका झाडाच्या कुंड्यांत घालायला लावी, मग त्याची गुलाबी फुले निळी येत. बंगल्यामागची चिकट जमीनही तिने मोकळी झालेली त्याने पाहिली होती. या पुडीला अ‍ॅल्युमिनियम सल्फेट म्हणतात, हे मला नंतर कळले.

"दाखव," मी म्हणालो.

हवालदाराने त्याच्या वावरातले गढूळ पाणी मागवले. बागवानाने पेल्यात चिमूटभर पूड टाकून काडीने ढवळले. थोड्या वेळाने पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे पुंजके दिसू लागले. ते हळूहळू खाली बसले आणि वर नितळ पाणी उरले. हवालदाराने खुर्ची मागे घेतली.

"हवालदारसाहेब, पावसाळ्यात तुमच्या घरी हंड्यात तुरटी फिरवतात का नाय?"

"फिरवते की बायको."

"मग तिला कधी धरणार?"

कोपऱ्यातला शिपाई हसला आणि माझ्याकडे पाहून गप्प झाला.

"चोपणात माती पाण्यात विरून ऱ्हाते," बागवान म्हणाला. "ही पडली की मातीला माती धरते, मग पाणी खाली उतरतं. माझ्या वावराचा चर खाणीत जातो. रिकामी पोतीबी मी तिथंच धुतली, ती चूक झाली."

खरे तर मी त्याला तिथेच सोडायला हवे होते. पण गाव खवळले आहे, कोठडीत तो सुरक्षित आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

कोठडीच्या दाराशी तो थांबला. "एक सांगू? ते पाणी रोज सकाळी गढूळ होतं. दुपारपर्यंत पुन्हा निवळतं. कुणीतरी ढवळतंय."

"कोण?"

"मला त्या गावात ऱ्हायचंय साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत खाणीजवळच्या बाभळीआड बसलो. ऊन वर आल्यावर तीन म्हशी आल्या. त्यांच्यामागे अण्णा होता, एकटा. म्हशी काठावर अडल्या. त्याने त्यांना काठीने मारून पाण्यात घातले. त्या बाहेर आल्यावर लांब बांबू घेऊन तो पाणी खालपासून ढवळत राहिला. त्याचे ओठ हलत होते. पाणी मातकट झाले तेव्हा कुठे त्याने घाम पुसला.

ज्याच्या दारी चार गडी आहेत, असा बागाईतदार स्वतः म्हशी धुवायला नेत नाही. आणि करणीच्या पाण्यात आपली दुभती जनावरे तर मुळीच घालत नाही.

ठाण्यावर येऊन मी बेपत्ता माणसांची नोंदवही उघडली. आदल्या उन्हाळ्यात त्या गावचा पाटकरी नाहीसा झाला होता. पाटकरी म्हणजे पाळीप्रमाणे शेतांना कालव्याचे पाणी सोडणारा माणूस. तो तमाशातल्या बाईबरोबर पळून गेला, असा जबाब होता. जबाब देणारा अण्णाच होता.

मी दवंडी देऊन जनावरांना खाण बंद केली. भोवती पहारा बसवला आणि तिसऱ्या दिवशी अण्णाला पंच म्हणून बोलावले. काठावर घोंगडी अंथरून आम्ही बसलो, पोलीस पाटीलही होते. मी ऊस, पाऊस, बाजार असे काहीबाही बोलत होतो. ऊन पाण्यात सरळ शिरू लागले. पहिली पायरी दिसत होती, मग तिसरी, मग सातवी. अण्णा पाण्याकडे पाठ करून बसला होता.

"अण्णा, इकडं तोंड करा. पंच हाय ना तुम्ही?" पाटील म्हणाले.

तो वळला नाही. तसाच बसून खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, काढा त्याला. किती ढवळलं तरी तो वर बघतोच."

त्या क्षणापर्यंत मला तळाशी काहीच दिसले नव्हते. मग मी पाहिले. पुडीने बसवलेल्या मातीची पांढरट साय तळावर पसरली होती. एके जागी ती सायच लांबट उंचावली होती, पांघरूण घेऊन कोणी झोपावे तशी.

गळ टाकून काढले तेव्हा हाडे, दोरीने बांधलेली जात्याची तळी आणि पाटकऱ्याचा पितळी बिल्ला वर आला. अण्णाने पाळी नसताना पाणी घेतले, पाटकऱ्याने पाटाचे दार बंद केले, आणि फावड्याचा एक घाव झाला. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून मी त्याला दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे नेले. तिथेही त्याने तेच सांगितले. सांगताना तो समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत नव्हता.

मी बागवानाला कोठडीतून काढले आणि म्हणालो, "जा बाबा घरी. तुझी काही चूक नाही."

तो हलला नाही. "साहेब, मला सगळ्यांच्या देखत नेलं. सोडायलाबी सगळ्यांच्या देखत या."

हवालदार म्हणाला, "म्हातारबा, साहेबांना दुसरी कामं हायेत."

मी पट्टा चढवला, टोपी घातली आणि त्याच्याबरोबर निघालो. भर दुपारी आम्ही वेशीतून शिरलो. दारांत माणसे उभी राहिली. चावडीसमोर मी थांबलो आणि हा माणूस निर्दोष आहे, त्याला धरले ही माझी चूक होती, असे मोठ्याने सांगितले. एका म्हाताऱ्याने ओट्यावर सरकून त्याला जागा करून दिली. बागवान बसला नाही. त्याला वावर गाठायचे होते.

पुढे मी तीस वर्षे नोकरी केली. निर्दोष म्हणून सुटलेल्या प्रत्येकाला मी वर्दी घालून त्याच्या दारापर्यंत पोचवले. असा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता आणि वरिष्ठ कधीकधी हसत. एखाद्या माणसाविरुद्ध सगळे गाव एका तोंडाने बोलते, तेव्हा त्याच्यासाठी बोलणारे तिथे कोणी नाही एवढेच सिद्ध होते. हे मला कोठडीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या त्या माळ्याने शिकवले.