धुक्यातली हाक

विषमज्वरातून मी उठलो, जीव वाचला, पण डोक्यातले बरेच काही वाहून गेले. एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. मुरुडला मी शिक्षक होतो. आजारानंतर वर्गातल्या मुलांची नावे आठवेनात, संध्येचे मंत्र मध्येच तुटू लागले. हातातल्या पळीकडे पाहत बसायचो आणि पुढचा शब्द काही केल्या येत नसे. जीव राखलास तर बुद्धी का नेलीस, असे देवाला विचारून विचारून मी थकलो आणि शेवटी देवघरात पाऊल टाकणेच सोडले. शाळेतून रजा मिळाली होती, पण असा भ्रमिष्ट माणूस पुन्हा फळ्यापुढे उभा राहणार कसा, ही काळजी घरात सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

वैद्यांनी रोज सावकाश हिंडायला सांगितले. रानफुलांचा नाद मला आधीपासूनच होता. त्यामुळे भाद्रपदात मी पत्नीला बरोबर घेऊन गावामागच्या डोंगरावर जाऊ लागलो. नवराबायको फुले बघत हिंडतात म्हणून लोक हसत, पण ही माझा हात धरायला मागे राहायची नाही. तेरडा ओळखू येई, सोनकी ओळखू येई. कातळावरच्या ओलीत उगवलेली इवलीशी निळी फुले पाहिली की मात्र नाव अगदी ओठांवर येऊन परत जाई. मग मी चिडायचो. ही म्हणायची, "अहो, नुसतं बघा की."

एका सकाळी हिच्या पायात काटा मोडला. ती दगडावर बसून काटा काढू लागली. चार पावलांवर कुंपणाच्या झुडपात कळलावीची लालपिवळी फुले दिसली म्हणून मी पुढे गेलो, तिथून आणखी पुढे गेलो. तेवढ्यात समुद्राकडून धुके चढले. मागे वळलो तर दगड नाही, ही नाही, पायवाटही नाही. मी हाक मारायला तोंड उघडले आणि कोणाला मारायची तेच सुचेना. आपण कुठून आलो, गाव कोणते, काहीच आठवेना. आजारातसुद्धा इतकी भीती वाटली नव्हती.

जवळच शेळी ओरडली. पाठोपाठ डोक्यावर ओढणी घेतलेली एक म्हातारी धुक्यातून पुढे आली. "थांब बाबा! पुढं कडा हाय. कुठला तू?"

मला सांगता येईना.

"नाव काय तुझं?"

तेही येईना. माझ्या डोळ्यांना धार लागली. तिने शेळीची दोरी मनगटाला गुंडाळली आणि माझ्या शेजारी बसकण मारली. "ऱ्हाऊ दे. धुकं उठेस्तवर हितंच बसू. अल्लाच्या हवाली."

पायाशी ती निळी फुले होती. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "खाला, ह्यांना काय म्हणतात?"

"आमी फूलच म्हनतो," म्हणून ती हसली.

मलाही हसू आले. आजारानंतर पहिल्यांदाच मी आठवायची धडपड सोडली. मनात देवाला एवढेच म्हटले, आता तुला ठेवायचे तसे ठेव.

तेव्हा उजव्या अंगाने हाक आली. माझे नाव, स्पष्ट, बाईच्या आवाजात. ऐकताच ते माझे आहे हे मला कळले. म्हातारी उठली. "बोलावतंय बघ कुनी." माझे मनगट धरून ती आवाजाच्या दिशेने निघाली. थोड्या अंतरावर ही रडवेल्या तोंडाने उभी होती. "सांभाळ गं बाय तुझा घरधनी," म्हणून म्हातारी शेळीसह निघून गेली.

उतरताना मी हिला म्हटले, "तू नाव घेऊन हाक मारलीस, बरं केलंस."

ती जागच्या जागी थांबली. "मी? अहो, मी तुमचं नाव कसं घेईन? मी नुसतं अहो, अहो करत होते."

लाजून खोटे बोलत असेल म्हणून मी तिच्याकडे नीट पाहिले. ती घाबरलेली होती, खोटी नव्हती. पुढे ती म्हातारी मुरुडच्या बाजारात अंडी विकताना भेटली. तिलाही विचारले. "हाक आली खरी. बाईमानसाची व्हती. काय बोलली ते मला न्हाय कळलं," ती म्हणाली. मग मी काय ऐकले? आजारी डोक्याचा खेळ म्हणावा, तर जे नाव मलाच आठवत नव्हते ते त्या डोक्याने आणले कुठून?

पुढे शाळेत परतलो. काही नावे आली, काही कायमची गेली. मुलांना मी पुन्हा पुन्हा नाव विचारतो आणि ती सांगतात. देवघरातही जातो. मंत्र तुटला की तिथेच थांबून गप्प बसतो. त्या सकाळी वाट मी शोधली नव्हती, मला घरी आणले गेले. कोणी आणले, ते अजून कळत नाही. हात जोडताना मी ते विचारत नाही.